साग कुठे रुजतो, कुठे रुसतो

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

‘ओक’ म्हटले की आपल्याला आधी आडनाव आठवते, झाड नंतर. त्याला कारणही तसेच आहे. ओक वृक्ष हिमालयाच्या उतारांवर आहे, तिकडे त्याला बांज म्हणतात; युरोपात तर त्याची अरण्येच आहेत. पण सह्याद्रीत, बालाघाटात किंवा आपल्या सातमाळ्याच्या रांगेत तो आपोआप उगवलेला कुठेही सापडायचा नाही. असे असूनही इंग्रजांनी आपल्याकडच्या एका झाडाला ‘हिंदुस्थानचा ओक’ असे नाव देऊन टाकले होते. ते झाड म्हणजे साग. आपण बोलताना झाडाला आणि लाकडालाही सरसकट सागवान म्हणतो.

इंग्रजांना ओक आठवला तो जहाजांमुळे. त्यांची जहाजे ओकच्या लाकडाची असत. इकडे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागाची जहाजे तयार होऊ लागली आणि ती खाऱ्या पाण्यात उत्तम टिकतात, असे दिसून आले. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते ठेवलेले आहे. मराठ्यांच्या आरमाराला तर या झाडाची किंमत त्याआधीच कळली होती. सागासारखी आरमाराच्या उपयोगाची झाडे हुजूरच्या परवानगीनेच तोडावीत, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे.

मी अनेक वर्षे नांदेडला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. माझे गाव लातूर जिल्ह्यातले. विद्यार्थ्यांना घेऊन किनवट-माहूरच्या रानात जायचे आणि सणासुदीला गावाकडच्या काळ्या शिवारात यायचे, असा माझा प्रवास होता. नांदेड आणि लातूर हे लागून असलेले जिल्हे. त्यातल्या एकाच्या उत्तर टोकाला साग आपोआप उगवतो, वाढतो, तोडला तरी पुन्हा फुटतो. दुसऱ्या जिल्ह्यात भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबाने एक टक्काही जंगल नाही, आणि तिथे हौसेने लावलेला साग पुष्कळदा मनगटाएवढा होऊन थांबतो. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी या झाडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

तुळशीचा भाऊबंद

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. टेक्टोना हा शब्द ग्रीक भाषेतल्या सुताराच्या नावाशी जोडला जातो. आपला ‘साग’ संस्कृत ‘शाक’वरून आला. इंग्रजी नावाचे मूळ मल्याळममधल्या ‘तेक्कु’ या शब्दात आहे. हे झाड मूळचे भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस एवढ्याच प्रदेशातले. जगात इतरत्र जिथे जिथे साग आहे, तिथे तो माणसाने नेऊन लावलेला आहे.

पूर्वीच्या पुस्तकांत सागाला निर्गुडीच्या कुळात घातलेले असे. नव्या वर्गीकरणात निर्गुडी, शिवण आणि साग ही सगळी मंडळी तुळशीच्या कुळात गेली आहेत. ऐकायला नवल वाटते. अंगणातली हातभर तुळस कुठे आणि तीस मीटर उंच जाणारा साग कुठे! पण तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून पाहा, ती चौकोनी लागते. सागाची कोवळी फांदीही तशीच चौकोनी असते. दोघांचीही पाने समोरासमोर जोडीने येतात आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असली, तर वरची दक्षिण-उत्तर असते.

सागाचे पान ओळखायला कठीण नाही. हाताच्या दोन्ही पंजांनी झाकले जाणार नाही एवढे मोठे, वरून खरखरीत. लहान रोपाची पाने तर पत्रावळीएवढी होतात. कोवळे पान चुरगाळून तळहातावर घासले की तळहात लाल होतो. रानाजवळच्या गावातल्या मुलींनी मेंदीच्या आधी हा रंग हातावर चढवलेला असतो.

रानातले वर्ष

सागाचे वर्ष पावसाला बांधलेले आहे. पावसाळा सरून जमिनीतली ओल उतरू लागली की पाने पिवळी पडतात, मग तांबूस होतात आणि गळू लागतात. माघ-फाल्गुनात किनवटच्या घाटातून जाताना दोन्ही बाजूंना नुसते करडे खांब उभे असल्यासारखे दिसतात. नवख्या माणसाला वाटते, जंगल वाळून गेले. झाडाने मात्र केवळ खर्च थांबवलेला असतो. एवढ्या मोठ्या पानांतून उन्हाळाभर पाणी उडू दिले, तर मुळांना ते पुरवता येणार नाही. म्हणून पाने टाकून द्यायची आणि वळवाच्या सरी पडून मृगाची चाहूल लागली की नवी पालवी काढायची, हा त्याचा शिरस्ता.

पावसाळ्यात बहुतेक झाडे वाढीच्या घाईत असतात, तेव्हा साग फुलतो. शेंड्यावर मोठे पसरट तुरे येतात. त्यांत पांढरी, बारीक, अगणित फुले असतात. एक फूल एकच दिवस टिकते. मधमाश्या आणि इतर कीटक येऊन जातात, पण एवढ्या फुलांतून फळे धरतात ती फारच थोडी. फळ लहान बोराएवढे, टणक, वरून लवदार, आणि त्याभोवती कागदासारखे फुगीर वेष्टन, चिरबोटीच्या फळाला असते तसे. हिवाळ्यात ही फळे पिकतात आणि उन्हाळ्यापर्यंत झाडाखाली पडत राहतात.

याच पावसाळ्यात सागावर दोन प्रकारच्या अळ्या येतात. एक पावसाच्या सुरुवातीला कोवळी पाने फस्त करते. दुसरी उशिरा येते आणि पानांचा हिरवा भाग खाऊन शिरांची नुसती जाळी ठेवते. भाद्रपदात रानभर तांबूस जाळीची पाने लोंबताना दिसतात ती तिचीच करणी. झाड यामुळे सहसा मरत नाही, पण वाढ खुंटते. केरळ वन संशोधन संस्थेने तरुण लागवडीत केलेल्या अभ्यासात, कोवळी पाने खाणाऱ्या अळीमुळे लाकडाची जी वाढ होऊ शकली असती तिच्यातला ४४ टक्के भाग हातचा जातो, असे दिसले. म्हणजे न मरताही झाडाचे नुकसान होते, आणि ते मालकाच्या लक्षातही येत नाही.

बी हट्टी, मूळ चिवट

सागाचे बी रुजवणे हे धीराचे काम आहे. ज्याला आपण बी म्हणतो ते खरे तर फळ. त्याच्या कठीण कवचात चार कप्पे असतात आणि एखाद-दोन कप्प्यांतच बी भरलेले असते. ते एकदम रुजत नाही. काही पहिल्या पावसात उगवतात, काही दुसऱ्या वर्षी, काही कधीच नाही. रानासाठी ही सोय आहे. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, तरी सगळी रोपे एकाच वेळी मरत नाहीत. पण रोपवाटिकेसाठी ही डोकेदुखी ठरते. मलबारचा कलेक्टर कोनोली याने १८४०च्या सुमारास केरळात निलंबूर येथे सागाची लागवड करायला घेतली, तेव्हा सुरुवातीला बी रुजेचना. पुढे चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने ते काम मार्गी लावले. माणसाने पद्धतशीर लावलेले सागाचे पहिले वन म्हणून निलंबूरचे नाव घेतले जाते. तिथला त्या काळातल्या लागवडीचा एक तुकडा अजून राखलेला आहे.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत फळे काही दिवस आळीपाळीने भिजवतात आणि उन्हात वाळवतात. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात. त्यामुळे कवच सैल होते. मग गादीवाफ्यावर पेरतात. वर्षभराचे रोप अंगठ्याएवढे जाड झाले की ते उपटून वरचा शेंडा छाटतात, इंचभर खोड ठेवतात आणि खालचे सोटमूळ वीतभर ठेवून बाजूच्या मुळ्या काढून टाकतात. याला ‘सागजडी’ म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते, ही वाळकी मुळी आहे, चुलीत घालावी. पण पाऊस पडताच पहारीने भोक पाडून ती जमिनीत घातली आणि माती घट्ट दाबली की काही दिवसांत तिला फूट येते.

जडीला ही ताकद येते ती सागाच्या मुळाच्या स्वभावातून. रानात उगवलेले सागाचे रोप उन्हाळ्यात जळते. वणव्याने, गुरांच्या तोंडाने किंवा नुसत्या उन्हाने वरचा भाग नाहीसा होतो. मूळ मात्र जिवंत राहते. पुढच्या पावसात ते पुन्हा कोंब काढते, पुन्हा जळते. असे वर्षानुवर्षे चालते आणि दरम्यान मूळ जाड होत जाते. एखाद्या वर्षी वणवा चुकला, पाऊस बरा झाला की साठवलेल्या बळावर ते एकदम सरळ काठी वर काढते. किनवटच्या रानात एका पावसाळ्यात पुरुषभर वाढलेला कोवळा साग दिसला, तर त्याचे वय एक वर्ष समजू नये. जमिनीखालचे मूळ कदाचित त्या पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वयाचे असते. तोडलेल्या सागाच्या बुडख्यालाही याच कारणाने जोमदार धुमारे फुटतात.

सागाला सावली मात्र चालत नाही. त्याला डोक्यावर मोकळे आभाळ हवे. दाट झाडीखाली तो किडकिडीत राहतो. म्हणून जवळ जवळ लावलेल्या सागांत दर काही वर्षांनी विरळणी करावी लागते. दोन-दोन मीटरवर लावले तर हेक्टरी अडीच हजार जड्या बसतात. त्यातले शेवटपर्यंत ठेवायचे असतात ते शे-दोनशेच. लावलेले झाड तोडायला मन धजत नाही, आणि मग अडीच हजार बल्ल्या तयार होतात, तुळई एकही होत नाही.

आणखी एक खोड सांगतो. सागाचा पहिला फुलोरा मुख्य शेंड्यावरच येतो. शेंडा फुलला की सरळ वाढ थांबते आणि तिथून दोन फांद्या फुटतात. सुताराला हवा असतो तो या दुभाजनाच्या खालचा सरळ बुंधा. जे झाड लहानपणीच फुलते त्याचा बुंधा आखूड राहतो. उंच गेल्यावर फुलले तर बुंधा लांब मिळतो. हा गुण थोडा वंशाचा आणि थोडा जागेचा. म्हणून बी कोणत्या झाडाचे घेतले याला फार महत्त्व आहे.

पायाखालची माती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किनवटला साग आहे, मग लातूरला का नाही? पहिले उत्तर पावसाचे. किनवट-माहूरकडे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लातूरकडे सातशे ते आठशेच्या दरम्यान. फरक आहे, पण एवढ्याने कोडे सुटत नाही. साधारण आठशे मिलिमीटर पावसावर साग जगतो. शिवाय वर्षात काही महिने कडक कोरडे असणे त्याला मानवते.

दुसरे उत्तर मातीत आहे. दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक भागात खडक तोच आहे, लाव्हारसाचा काळा पाषाण. त्यापासून तयार झालेल्या मातीत चुना असतो आणि सागाला चुना लागतो. इथपर्यंत सगळे जुळते. पण किनवट-माहूरची जमीन डोंगरउताराची आहे. माती मध्यम खोल, खाली फुटलेला मुरूम. पाऊस पडला की पाणी मुरते आणि पुढे निघून जाते. मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन निराळी. ती चिकण आहे, पाणी धरून ठेवते. ज्वारी-हरभऱ्याला हाच तिचा मोठा गुण. सागाला तोच दोष ठरतो. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पावसाळ्यात चार दिवस पाणी साचले की मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात हीच जमीन पाय अडकेल एवढ्या भेगा टाकते. त्या भेगांनी मुळ्या तुटतात आणि उरलेली ओलही उडून जाते. बाभूळ हे सोसते, साग सोसत नाही.

म्हणून साग दिसला की तिथल्या जमिनीत निचरा आहे असे खुशाल समजावे. मी विद्यार्थ्यांना पैनगंगेच्या बाजूला उतारावरचा उंच साग दाखवायचो आणि मग खालच्या सखल भागात न्यायचो. तिथे साग ठेंगणा, वाकडा होत होत नाहीसा झालेला असे. फार तर अर्ध्या तासाची चाल, पण त्या अर्ध्या तासात मातीचे पुस्तक उघडे होई.

किनवटचे रान एकट्या सागाचेही नाही. ऐन, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, चारोळी, पळस, बेहडा आणि बांबू ही सगळी त्याची सोबत. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तोवर किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आजही नदीपलीकडचे यवतमाळ आणि सीमेपलीकडचे तेलंगणातले आदिलाबाद मिळून हा एकच वनपट्टा आहे. इथल्या गोंड, कोलाम, आंध, प्रधान कुटुंबांचे वर्ष मोहफूल, तेंदूपान, चारोळी यांवर चालते. सागाला बाजारात भाव आहे म्हणून नुसता साग ठेवून बाकीचे हटवले, तर सागाचेही भले होत नाही. त्याच्या रुंद पानांवर पावसाचे थेंब एकत्र होतात आणि मोठे होऊन उंचावरून जमिनीवर आदळतात. खाली झुडपे, गवत, पाला असेल तर तो मार झेलला जातो. वणव्याने ते जळून गेलेले असेल, तर प्रत्येक सरीबरोबर माती वाहते. चांगला निचरा असलेली जमीन आणि धुपून गेलेली जमीन यांत काही पावसाळ्यांचेच अंतर असते.

लाकडात लिहिलेले पाऊसपाणी

सागाचे लाकूड इतके टिकते ते त्याच्या गाभ्यामुळे. आडवा कापलेला बुंधा पाहिला तर सालीच्या आत पांढरट कडे असते आणि मध्ये सोनेरी-तपकिरी गाभा. पांढऱ्या भागातून झाडाचे पाणी वाहते. जुना झालेला भाग आत गाभा बनतो आणि त्यात तेलकट द्रव्ये भरतात. त्यांतल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी लांब राहते. लाकडात बारीक वाळूसारखी सिलिकाही असते, त्यामुळे सुताराचा रंधा लवकर बोथट होतो. पांढऱ्या भागाला यातले कोणतेच संरक्षण नाही, वाळवी तो आनंदाने खाते. लहान वयात तोडलेल्या सागात पांढरा भाग जास्त आणि गाभा थोडा असतो. त्याला सागवान म्हणून विकता येते, पण आजोबांच्या वाड्यातल्या सागवानाचा गुण त्यात नसतो.

लातूरकडे साग रानात नव्हता, तो घरात होता. आपल्याकडे घर मोजायचे ते खणांवर. खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचे माळवद. ऐपतदारांकडे हे लाकूड सागाचे, इतरांकडे लिंबाचे-बाभळीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने ही घरे कोसळली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जीव घेतला तो मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. काही ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि लाकडी सांगाडा उभा राहिलेला पाहणी करणाऱ्यांना दिसला. त्यानंतर गावे सिमेंटची झाली आणि सागाची ओळख दारे-खिडक्यांपुरती उरली.

सागाच्या लाकडात दरवर्षी एक स्पष्ट वर्तुळ उमटते. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत ते इतके स्वच्छ दिसते. पावसाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार होते, पुढे बारीक छिद्रांचे; पानगळीत वाढ थांबते. ओकचीही रचना अशीच असते, म्हणजे इंग्रजांनी दिलेले नाव एका अर्थाने फिट्ट बसले. चांगल्या पावसाच्या वर्षी वर्तुळ रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या वर्तुळांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळवली आणि तीत मोसमी पावसाच्या दुष्काळी वर्षांच्या खुणा सापडल्या. १९७२चा दुष्काळ आपल्यातले वडीलधारे तोंडी सांगतात, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला आणलेले पाणी सगळ्यांना आठवते. त्यामागच्या शतकांचे पाऊसपाणी कोणी लिहून ठेवलेले नाही. जुने झाड तोडले की तीही वही जाते.

लावावा की नाही?

काही वर्षांपूर्वी गावाकडे गेलो होतो, तेव्हा आमच्या भावकीतले अण्णा म्हणाले, “मास्तर, ह्या बांधाला दोनशे सागवान लावावं म्हणतो. वीस वर्षांत पोराच्या कामाला येईल.” मी म्हणालो, “अण्णा, आधी खड्डा खांदून बघू.” हा प्रश्न मला पुष्कळ शेतकरी विचारतात. त्यामागे एक आठवणही असते. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांच्या जाहिरातींचा पूर आला होता. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या, असा त्यांचा सूर. माझ्या परिचयातल्या एका शिक्षकांनीही पैसे भरले होते. त्यांच्याकडे रंगीत प्रमाणपत्र आले, झाड कुठे आहे ते कधी कळले नाही. पुढे अशा योजना ‘सेबी’च्या देखरेखीखाली आणल्या गेल्या आणि १९९९ साली त्यासाठी नियमावली झाली, तोवर पुष्कळांचे पैसे गेले होते. त्या जाहिरातींतले मुख्य असत्य झाडाविषयी होते. साग कुठल्याही जमिनीत, ठरलेल्या वर्षांत, ठरलेला घेर देतो, असे त्यात गृहीत धरलेले असे. वनखात्याच्या हिशेबात सागाचे पीक पन्नास ते ऐंशी वर्षांचे असते. शेतात पाणी-खत देऊन तो लवकर जाड होईल, पण गाभा भरायला वर्षे लागतातच.

तेव्हा माझे सांगणे असे. पावसाळ्यात शेताच्या त्या कोपऱ्यात दोन-अडीच हात खोल खड्डा घ्या. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनीही त्यात पाणी उभे असेल, तर तिथे साग लावू नका. खाली सलग कातळ लागला, तरी नको. ओढ्याकाठची गाळाची, निचऱ्याची जमीन किंवा मऊ मुरमावरची मध्यम खोल माती असेल, तर जरूर लावा. अशी जागा लातूर जिल्ह्यातही सापडते. बांधावर लावताना शेजारच्या दोन-तीन तासांचे पीक सावलीने आणि मुळांनी कमी येणार, हे धरून चाला. पहिली दोन-तीन वर्षे गुरे, तण आणि आग यांपासून जपा. खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच छाटा. विरळणीच्या वेळी मन घट्ट करा.

कागदपत्रांकडेही लक्ष द्या. साग हा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ च्या अनुसूचीतला वृक्ष आहे. स्वतःच्या शेतातला असला, तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर वेळीच करून घेतली, तर पुढच्या पिढीला हेलपाटे पडत नाहीत.

ज्यांची जमीन भारी, काळी, पाणी धरणारी आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. लिंब, बाभूळ, चिंच, जांभूळ ही त्या मातीची ओळखीची झाडे आहेत. चिंच आणि जांभूळ तर तोडण्याची वाट न पाहता वर्षाला पैसा देतात. अण्णांच्या खड्ड्यात तिसऱ्या दिवशीही पाणी होते. त्यांनी चिंचा लावल्या.

किनवट-माहूरच्या लोकांसाठी गोष्ट वेगळी आहे. तिथे साग लावण्यापेक्षा आहे तो वाढू देणे स्वस्त आणि खात्रीचे. जमिनीखाली जुनी मुळे तयार बसलेली आहेत. त्यांना दोन-तीन उन्हाळे वणव्याशिवाय मिळाले, तर ती आपण होऊन वर येतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तीच आग रानभर पसरते. तो पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला केला आणि वनखात्याच्या जाळरेषा उन्हाळ्याआधी साफ झाल्या, तरी पुष्कळ काम होईल. येत्या उन्हाळ्यात माहूरला देवीच्या दर्शनाला जाल, तेव्हा वाटेतल्या निष्पर्ण सागांखाली पाहा. जमीन काळी, जळालेली दिसते की तिच्यावर पाल्याचा थर आहे, एवढ्यावरून त्या रानाची पुढची चाळीस वर्षे कशी जाणार याचा अंदाज तुम्हालाही करता येईल.